न विचारता

मध्यंतरी एका मैत्रिणीचा फोन आला. गंगापूर रोडला राहते. चार दिवस माहेरी जाताना तिने कुंड्यांना पाणी घालायला म्हणून शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली दिली होती. परत आली तर बाल्कनीतल्या दोरीवर भलत्याच घरच्या चादरी वाळत होत्या आणि वॉशिंग मशीनचं झाकण उघडं होतं. काकूंचं मशीन बिघडलं होतं, म्हणून त्यांनी दोन दिवस इथेच कपडे लावले. "अगं, नाही म्हटलं असतं का मी? पण एक फोन करून विचारायचं तरी!" ती म्हणत होती. मागून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "आमच्या वाड्यात कोण विचारायचं गं कुणाला?"

दोघींचंही खरं आहे. आणि दोघींचं एकाच वेळी खरं कसं, हा विचार तेव्हापासून डोक्यात घोळतोय.

जुन्या नाशकातले वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सासूबाईंचं म्हणणं लगेच कळेल. पुढे मालक, मागे आणि माडीवर बिऱ्हाडं, मधे चौक. चौकात आड. ओसरीच्या जमिनीत पुरलेलं उखळ. कोपऱ्यात जातं. विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या येईपर्यंत रोजचं पीठ घरातच पडायचं, आणि प्रत्येक बिऱ्हाडाकडे स्वतःचं चांगलं जातं असेलच असं नाही. मग पहाटे जिचा हात मोकळा ती बसे. दोघी बसल्या तर खुंट्याला चार हात लागत आणि काम हलकं होई. तिथे विचारायचं ते काय?

पण नीट पाहिलं तर या वस्तूंचा एक विशेष होता. उखळ उचलून नेता येत नाही. आड तर नाहीच नाही. म्हणजे वापर होणार तो मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच ओसरीवर. कोण आलं, किती दळलं, जातं झाडून गेलं की पीठ तसंच ठेवून गेलं, हे न विचारताही सगळ्यांना दिसत असे. न विचारणं वेगळं आणि न कळणं वेगळं. वाड्यात न विचारता पुष्कळ चाले, पण न कळता फारच थोडं चाले! शिवाय जात्याची झीज एका दिवसात दिसत नाही. दगड गुळगुळीत झाला, दाणा नुसता भरडून पडायला लागला, की टाकी लावणारी बाई दारावर येईपर्यंत थांबायचं. तिचे पैसे कुणी द्यायचे यावरून जी कुरबूर होई, तिच्यावरून मात्र वस्तू खरोखर कुणाची ते कळत असे.

हलणाऱ्या वस्तूंचा कायदा निराळा होता. दिवाळीच्या आधी चकलीचा सोऱ्या वाड्यात असा फिरायचा की तो कुणाचा आहे हे विचारण्यापेक्षा आत्ता कुणाकडे आहे हे विचारणं सोयीचं. मोठी पातेली, पराती, पुरणाचं यंत्र, लग्नकार्यात घंगाळं. आता ही परत यायची कशी? नाशिक हे तांब्या-पितळेच्या कामासाठी जुन्या काळापासून नावाजलेलं गाव, भांडीबाजार अजून आहे. भांडं विकत घेतलं की दुकानातच त्याच्यावर नाव घालून घ्यायचं, हा त्या बाजाराचा रिवाज. आधी छिन्नी-हातोडीने टिंब टिंब पाडून, पुढे विजेच्या यंत्राने, तो कर्र कर्र आवाज बऱ्याच जणांच्या कानात असेल. आपण हे नाव हौस म्हणून पाहतो, आहेराची आठवण म्हणून पाहतो. मला तो शेजारधर्मातला सगळ्यात शहाणा करार वाटतो. पातेलं न्यायला बंदी नाही, नेताना कुणी काही लिहून घेत नाही, संशय नाही, तगादा नाही. फक्त ते कुठेही गेलं तरी आपण कुणाचं आहोत हे सांगत राहतं. स्टीलची भांडी आली तरी नाव घालणं सुटलं नाही. मिक्सरवर, इस्त्रीवर नाव घालायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

नाही म्हणायच्या युक्त्याही होत्याच. तिन्हीसांजेला मीठ देऊ नये, दही देऊ नये. अमकं भांडं सोवळ्यातलं आहे. म्हटलं तर श्रद्धा, म्हटलं तर कुणाचा अपमान न करता दार लावून घ्यायची सोय.

सोवळ्याचं नाव निघालं की मात्र या गोड चित्राची दुसरी बाजू पाहावीच लागते. "आमच्याकडे कोण विचारायचं" यातलं "आमच्याकडे" फार लहान होतं. जिला न विचारता जात्यावर बसता येई ती जातीने, सोवळ्या-ओवळ्याने आधीच आतली असे. जी बाहेरची, तिला विचारूनही मिळत नसे. सार्वजनिक विहिरीवरसुद्धा अस्पृश्य मानलेल्या बायांनी लांब उभं राहायचं आणि कुणाला दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत थांबायचं, ही अगदी काल-परवाची गोष्ट आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा एका अर्थी त्यांनी एवढंच सांगितलं की इथे विचारायची गरज नाही. तेवढंसुद्धा केवढं होतं!

पुढे ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं खुलं असल्याचा ठरावही केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. परवानगी मागायला नाही, प्यायला गेली. हा फरक महत्त्वाचा आहे. परवानगी मागणं म्हणजे तळं तुमचं आहे हे कबूल करणं. नंतर दुसऱ्या बाजूने कोर्टात जो दावा लावला त्यातही मुद्दा हाच होता: तळं मुळात आमचं, आणि दुसऱ्यांनी न वापरण्याची वहिवाट अनादी काळापासूनची. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला निकाल दिला की अशी वहिवाट सिद्ध होत नाही. एका ओंजळीचा निकाल लागायला दहा वर्षं लागली. तोवर आमच्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रहही, २ मार्च १९३० ला सुरू होऊन, काही वर्षं चालून थांबलेला होता, आणि देऊळ उघडलेलं नव्हतं.

वॉशिंग मशीनच्या गोष्टीत चवदार तळं आणणं कुणाला अति वाटेल. पण विचारणं आणि न विचारणं यांचा अर्थ मला तिथेच नीट कळतो. आणि गंमत म्हणजे कायद्यालाही तो कळलेला आहे.

१८८२ चा एक कायदा आहे, सुविधाधिकारांचा. १८९१ पासून तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. वाटेची, पाण्याची, उजेडाची जी वहिवाट असते ती या कायद्यात येते. शेजाऱ्याच्या जागेतून तुम्ही वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्काने जात असाल, तर तो तुमचा हक्कच होतो. आता यातला "हक्काने" हा शब्द पाहा. कायद्यातच एक दाखला दिलाय: वादीने वीस वर्षांची उघड वहिवाट सिद्ध केली, पण त्या वीस वर्षांत त्याने फक्त एकदा मालकाची परवानगी मागितली होती असं प्रतिवादीने दाखवून दिलं. दावा फेटाळला जाईल! एकदाच विचारलं, आणि सगळं गेलं. म्हणजे विचारणं ही नुसती रीतभात नाही, ती मालकीची पावती आहे. जुन्या वाड्यांच्या आडावरून, बोळातून जाण्यायेण्यावरून पिढ्यान् पिढ्या जे दावे चालले त्यांचं मूळ यात आहे. मालकाला विचारून घ्यायला हवं असतं आणि भाडेकरू मुद्दाम विचारत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तर पाणी, दिवे, संडास अशा आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडायला घरमालकाला बंदीच केली, म्हणजे भाडेकरूने रोज विचारायचा प्रश्नच मिटला. वाड्यातला जिव्हाळा त्यानंतर काही वर्षांतच बराच आटला, तो का, हे वेगळं सांगायला नको.

हे झालं जमिनीचं आणि पाण्याचं. वॉशिंग मशीनचं काय? त्याच्यासाठी दुसरा कायदा पाहावा लागतो, मेकॉलेने १८३७ मध्ये ज्याचा मसुदा दिला आणि १ जानेवारी १८६२ पासून जो अमलात आला तो भारतीय दंड संहितेचा. तिच्यात चोरीची व्याख्या ३७८ व्या कलमात होती आणि तिच्याखाली बरेच दाखले. त्यातला एक माझा फार आवडता. एक गृहस्थ स्नेह्याच्या घरी जातो, स्नेही घरी नाही, हा त्याच्या ग्रंथसंग्रहातून एक पुस्तक नुसतं वाचायला म्हणून, परत द्यायच्या इराद्याने घेऊन जातो. ही चोरी का? कायदा म्हणतो, विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता असं याला प्रामाणिकपणे वाटलं असेल, तर नाही. २०२४ च्या जुलैपासून दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, कलम ३०३ झालं, पण तो स्नेही आणि ते पुस्तक तिथेही आहेत.

मैत्रिणीला हे सांगितलं. म्हटलं, काकूंनी चोरी केलेली नाही, कारण तू नाही म्हटलं नसतंस हे तू स्वतःच म्हणतेस. त्यांचा अंदाज बरोबर होता. तुला जे लागलं ते मशीन वापरल्याचं नाही, ते तुझं असल्याची पावती मिळाली नाही याचं आहे. तर जाऊन सरळ सांग, "काकू, मशीन खुशाल लावत जा, फक्त मला आधी सांगत जा." यात भांडण नाही आणि टोमणाही नाही. टोमणा मारायचा मोह होतो, आपल्याकडे तर फारच, पण टोमण्याने वस्तू कुणाची ते ठरत नाही, नुसतं बोलणं बंद होतं.

आणि हे असं नीट जमवलेलं आपल्याच लोकांना एकदा जमलं होतं. टेलिफोनच्या बाबतीत.

टीव्हीचं तितकंसं जमलं नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण घराघरात गर्दी झाली ती पुढे, २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी रामायण लागायला लागल्यावर. ज्यांच्याकडे टीव्ही त्यांची आंघोळ-नाश्ता नऊच्या आत उरकावी लागे, चपला दारात मावत नसत, आणि नाही म्हणणार कोणाला, साक्षात रामायण! फ्रिजला तर कुलूप-किल्लीच येत असे. पण टीव्हीपुढे चाळीस जण बसले तरी बिल तेवढंच. फोनचं तसं नव्हतं. एकेक कॉल मोजला जाई आणि पैसे पडत. फोन मिळायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून आळीत एखाद-दुसराच. तरी आजूबाजूच्या दहा-बारा घरांच्या लग्नपत्रिकांवर, लेटरहेडवर तोच नंबर, पुढे दोन अक्षरं: पी. पी. म्हणजे नंबर शेजाऱ्यांचा आहे, बोलवून देतील.

तो नंबर छापण्याआधी बहुतेक लोक विचारत, काही विचारत नसत. पण फोन करायला गेलं की विचारणं होतंच, दर वेळी, आणि कुणी कधी नाही म्हटल्याचं ऐकलेलं नाही. डायलच्या भोकात बसणारं एक छोटं कुलूप मिळायचं. ते लावणारी घरं होती, आणि हुकवर टिचक्या मारून कुलूप असतानाही नंबर फिरवणारी हुशार पोरंही होती. पण पुष्कळ घरांत फोनशेजारी एक डबा असे, त्यात आपण होऊन पैसे टाकायचे. किती टाकले हे पाहायला कुणी येत नसे. आलेला फोन फुकट. रात्री दहानंतर नको. मुलांनी खेळता खेळता निरोप द्यायला पळायचं. हे सगळं कुणी लिहून काढलेलं नव्हतं, तरी ज्याच्या घरी फोन आणि ज्याच्या घरी नाही, दोघांनाही पाठ होतं.

देशातला मोबाईलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. त्याच्या आधी पिवळ्या एसटीडी बूथांनी डबा रिकामा केलाच होता, मोबाईलने पी. पी. ही अक्षरंच पुसली. तक्रार करावी असं त्यात काही नाही, दुसऱ्याच्या बैठकीत उभं राहून मुलीच्या सासरच्या गोष्टी बोलणं काही सुखाचं नव्हतं. बातम्या चांगल्याच येत असंही नाही. गावाकडून रात्री-अपरात्री ट्रंक कॉल आला, की ज्यांच्या घरी फोन ते शेजाऱ्याला उठवून आणत. मग शेजारी रिसीव्हर कानाला लावे, आणि घरातली माणसं, कुणी कुणाला न सांगता, आत स्वयंपाकघरात जाऊन उभी राहत.