कडेवर

आमच्या घरातल्या सगळ्या दिवंगतांना धुकं आहे. डोकं, मान, खांदे आणि मग पांढरं धुकं. लहानपणी माझी समजूत अशी, की वर जाताना माणूस छातीपासून खाली विरघळत जातो आणि धुळ्याचे फोटोग्राफर तेवढ्यात घाईघाईनं बटण दाबतात.

या धुक्याला ‘व्हिन्येट’ म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ द्राक्षाची छोटी वेल. जुन्या पुस्तकांच्या पानांवर अशा वेली असत. पुढे चौकटीशिवाय कडांना विरत जाणाऱ्या चित्रालाही तेच नाव पडलं. (नाशिककरांनी फुगू नये. शब्द जळगावात जन्मता, तर आज जगभर फोटोला ‘केळफूल’ काढून मागितलं असतं!) बोस्टनच्या जॉन व्हिपल यांनी १८४९ साली विरत्या कडांच्या फोटोचं पेटंटसुद्धा घेतलं.

आमच्याकडे पेटंट नव्हतं, गरज होती. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो सहसा नसेच. मग लग्नाच्या ग्रुपातून डोकं हुडकायचं, फोटोचा फोटो काढायचा आणि एन्लार्जरखाली, कागदाच्या वर, अंडाकृती भोकाचा पुठ्ठा धरायचा. दिवा लागला की पुठ्ठा हलवत राहायचं. हात थांबला, की कड कात्रीनं कापल्यासारखी उमटते. भोकाबाहेर उजेडच नाही, म्हणून तिथे कागद कोरा. रुसलेले व्याही, दोरीवरची धोतरं, सगळं साफ!

चाळीसगावचे थोर छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आपल्या घराला ‘रेम्ब्रां रिट्रीट’ नाव दिलं होतं. तो डच रेम्ब्रां कडा काळोखात बुडवायचा. ते बरं. काळोखात कुणीतरी असेल असा संशय तरी येतो. पांढऱ्यात कुणी नव्हतंच!

आमच्या आजीच्या फोटोला वडील नेहमी हार वाकडा घालत, डावीकडे ओढून. आम्ही पोरं तो सरळ करायला धावायचो. एका सर्वपित्रीला मी विचारलंच, “अण्णा, हार वाकडा का?”

“तिथे तुझी मोठी आत्या आहे,” अण्णा म्हणाले. “आजीच्या कडेवर होती. फोटोग्राफरला वाटलं, शेजारणीचं पोर.”

आत्या दुसऱ्या वर्षीच गेली. मूळ ग्रुप पुढे कसरीनं खाल्ला. पुठ्ठा चार बोटं डावीकडे धरला असता, तर तिचाही फोटो भिंतीवर असता.

आता हार मी घालतो. वाकडाच.