सहा नावं आणि एक सभागृह: चढ्ढा खटल्याची गोष्ट



अमेरिकेच्या सरकारच्या तीन शाखा असतात, हे आपण शाळेत कधीतरी पाठ केलेलं असतं. कायदे करते ती काँग्रेस, कारभार चालवतात ते राष्ट्राध्यक्ष आणि निवाडा करतं ते न्यायालय. परीक्षेत दोन मार्क मिळतात आणि विषय संपतो. पण या तीन शाखांच्या मधल्या फटीत एखादा माणूस अडकला तर काय होतं? आज अशाच एका माणसाची गोष्ट ऐकू या.

तारीख १६ डिसेंबर १९७५. अमेरिकी काँग्रेसचं अधिवेशन संपायला तीन दिवस उरले होते. प्रतिनिधिगृहात एक ठराव आला. त्यात सहा परदेशी माणसांची नावं होती आणि म्हणणं एवढंच, की या सहा जणांना अमेरिकेत कायमचं राहू देऊ नये. ठराव छापून सदस्यांना वाटलेला नव्हता. चर्चा झाली नाही. कुणी कुठल्या बाजूने मत दिलं याची नोंदही झाली नाही. ठराव मंजूर! त्या सहा नावांपैकी एक होतं जगदीश राय चढ्ढा.

हा चढ्ढा कोण?

केनियात जन्मलेला, भारतीय वंशाचा तरुण. हातात ब्रिटिश पासपोर्ट. १९६६ मध्ये तो विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकायला आला. व्हिसाची मुदत ३० जून १९७२ ला संपली. आता परत जायचं कुठे? केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला होता आणि तिथल्या ब्रिटिश पासपोर्टवाल्या आशियाई लोकांचं भवितव्य अधांतरी होतं. तिकडे ब्रिटनने १९६८ मध्ये कायदा करून याच लोकांसाठी आपलं दार जवळपास बंद केलं होतं. म्हणजे पासपोर्ट एका देशाचा, जन्म दुसऱ्या देशातला, आणि राहणं तिसऱ्या देशात.

हद्दपारीची नोटीस आली तेव्हा चढ्ढाने मुदत संपल्याचं सरळ मान्य केलं. पण अमेरिकी कायद्यात एक सवलत होती. माणूस सलग सात वर्षं देशात राहिलेला असेल, वर्तन चांगलं असेल आणि त्याला घालवून दिल्यास त्याचे अतोनात हाल होणार असतील, तर हद्दपारी थांबवता येत असे. जून १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशाने चढ्ढाच्या बाजूने निर्णय दिला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हुद्दा न्यायाधीशाचा असला तरी हा अधिकारी न्याय खात्यातला, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या शाखेतला.

चढ्ढा सुटला? नाही. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

दोरी कुणाच्या हातात?

पूर्वी हद्दपारी टाळायची असेल तर त्या एका माणसासाठी काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागायचा. अशा अर्जांचा ढीग साचायला लागला. म्हणून १९४० मध्ये काँग्रेसने हे काम ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाकडे सोपवलं. काम सोपवलं, पण दोरी हातात ठेवली. खात्याने कुणाची हद्दपारी थांबवली तर ते काँग्रेसला कळवायचं, आणि काँग्रेसला पटलं नाही तर ती तो निर्णय फिरवणार. पुढे १९५२ च्या कायद्यात तर दोनपैकी कुठलंही एकच सभागृह हे करू शकेल अशी तरतूद होती.

या पद्धतीला ‘लेजिस्लेटिव्ह व्हेटो’ म्हणतात. मराठीत म्हणू या, विधिमंडळाचा नकाराधिकार. तिची सुरुवात १९३२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या काळात झाली. दोन्ही बाजूंची सोय होती. राष्ट्राध्यक्षांना जास्त अधिकार मिळायचे आणि काँग्रेसला लगाम हातात असल्याचं समाधान. बघता बघता दोनशेच्या आसपास कायद्यांमध्ये अशी कलमं शिरली.

१९७५ साली प्रतिनिधिगृहाच्या समितीने अशी ३४० प्रकरणं पाहिली आणि त्यातली सहा बाजूला काढली. समितीचं म्हणणं, या सहा जणांचे ‘अतोनात हाल’ होतील असं दिसत नाही. चढ्ढाला ना बोलावलं, ना त्याची बाजू ऐकली. एका सभागृहाने हात वर केला आणि चढ्ढा पुन्हा हद्दपारीच्या रांगेत आला.

खटला, ज्यात दोन्ही बाजू एकच बोलत होत्या

चढ्ढा अपील कोर्टात गेला. तिथे त्याची बाजू पब्लिक सिटिझन या संस्थेचे वकील ॲलन मॉरिसन यांनी हाती घेतली. आता गंमत बघा. समोर प्रतिवादी कोण? इमिग्रेशन खातं. आणि खात्याचं म्हणणं काय? चढ्ढा बरोबर बोलतोय, हे कलम घटनाबाह्यच आहे! राष्ट्राध्यक्षांच्या शाखेला काँग्रेसची ही दोरी कधीच आवडत नव्हती. मग भांडायचं कुणी? शेवटी कोर्टाने प्रतिनिधिगृह आणि सिनेटलाच बोलावलं, की तुमची बाजू तुम्हीच मांडा.

१९८० मध्ये अपील कोर्टाने चढ्ढाच्या बाजूने निकाल दिला. तो लिहिणारे न्यायाधीश अँथनी केनेडी पुढे सुप्रीम कोर्टात गेले. प्रकरणही सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे दोनदा युक्तिवाद झाले, आणि २३ जून १९८३ रोजी निकाल लागला. सात विरुद्ध दोन, चढ्ढा जिंकला.

सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा साध्या भाषेत असा. माणसाचा कायदेशीर हक्क बदलायचा म्हणजे कायदा करण्यासारखंच काम आहे. आणि कायदा करायचा रस्ता राज्यघटनेने एकच आखून दिलाय: प्रतिनिधिगृह मंजूर करेल, सिनेट मंजूर करेल, मग कागद राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर जाईल. त्यांनी सही नाकारली तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं जमवून त्यांच्यावर मात करता येईल. हा रस्ता मुद्दामच लांबचा ठेवलाय. सोयीसाठी त्याला शॉर्टकट काढता येणार नाही.

न्यायमूर्ती पॉवेल यांनी वेगळ्या कारणाने हाच निष्कर्ष काढला. एका ठरावीक माणसाने कायद्याच्या अटी पूर्ण केल्यात की नाही हे ठरवणं म्हणजे निवाडा करणं. ते कोर्टाचं काम. काँग्रेस इथे न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली, आणि तीही आरोपीचं न ऐकता.

मग विरोधात मत देणारे न्यायमूर्ती व्हाइट चुकीचे होते?

थांबा, इतक्यात टाळ्या नकोत. बायरन व्हाइट यांचा इशारा नीट ऐका. आधुनिक सरकार एवढं मोठं झालंय की काँग्रेसला अधिकार सोपवावेच लागतात. तिची दोरी कापली तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर सगळं बारीकसारीक स्वतः करायचं, जे अशक्य आहे. नाहीतर अधिकार देऊन मोकळं व्हायचं आणि पुढे काय होतं ते बघत बसायचं.

हा इशारा किती खरा ठरला ते बघा. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यात तरतूद होती, की राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेली आणीबाणी काँग्रेस दोन्ही सभागृहांच्या ठरावाने संपवू शकते. त्यावर राष्ट्राध्यक्षांच्या सहीची गरज नव्हती. चढ्ढा निकालानंतर ही तरतूद टिकणं अवघड होतं. १९८५ मध्ये ती बदलली. आता ठराव राष्ट्राध्यक्षांकडे सहीला जाणार. म्हणजे ज्याने आणीबाणी लावली, त्यालाच विचारायचं, संपवू का?

फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. ती संपवण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात २४५ विरुद्ध १८२ ने आणि सिनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१ ने मंजूर झाला. दोन्हीकडे स्पष्ट बहुमत. ट्रम्प यांनी १५ मार्चला त्यावर व्हेटो वापरला. व्हेटो मोडायला प्रतिनिधिगृहात पुन्हा मतदान झालं. २४८ जण व्हेटोच्या विरोधात, १८१ बाजूने. दोन-तृतीयांशासाठी २८६ हवे होते. आणीबाणी कायम राहिली.

जुनी दोरी असती तर ही आणीबाणी मार्चमध्येच संपली असती. पण तीच दोरी चढ्ढाच्या गळ्याला लागली होती, हेही विसरता येत नाही.

म्हणून ‘तीन शाखा एकमेकींवर लक्ष ठेवतात’ हे वाक्य ऐकायला जितकं सोपं, तितकं ते चालवणं सोपं नाही. नियम एका माणसाला बिननोंदीच्या ठरावापासून वाचवतो, आणि तोच नियम पुढे राष्ट्राध्यक्षांच्या हाताला बळ देतो. कोर्टाने नियम राखला, पण त्याची किंमत काँग्रेसने मोजली. ती भरून काढायची तर काँग्रेसला अधिकार देतानाच हात आखडता घ्यावा लागेल. एकदा दिलेला अधिकार परत घ्यायला दोन-तृतीयांश लागतात, द्यायला मात्र साधं बहुमत पुरतं.

आज आपल्याकडची कितीतरी मुलंमुली विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी कुणी तिथे राज्यघटनेचा कोर्स घेतला, तर ‘चढ्ढा’ हे आडनाव पुस्तकात भेटणारच. तेव्हा त्यांना सांगा, ही गोष्ट आम्हाला आधीच माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!