सीएसआर म्हणजे काय? कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजासाठी का खर्च करावे लागतात?

जिल्हा परिषद शाळेची नवी वर्गखोली, सरकारी दवाखान्याला मिळालेली रुग्णवाहिका, गाळ काढलेला गावतलाव. अशा ठिकाणी अनेकदा एक पाटी दिसते, ‘अमुक कंपनीच्या सीएसआर निधीतून’. उद्घाटनाचे फोटो व्हायरल होतात, कंपनीचं कौतुक होतं.

पण हा पैसा म्हणजे कंपनीने केलेलं दान असतं का? मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तरी तसं म्हणता येत नाही. हा खर्च करणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तो कायदा काय सांगतो आणि त्यावर सामान्य माणूस लक्ष कसं ठेवू शकतो, हे समजून घेऊया.

कायदा काय आहे?

सीएसआर म्हणजे कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, मराठीत कंपन्यांचं सामाजिक उत्तरदायित्व. उद्योगपतींनी शाळा, रुग्णालयं, धर्मशाळा बांधण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. उद्योजकाने संपत्तीचा मालक न राहता विश्वस्त व्हावं, असं महात्मा गांधी सांगत. पण हे सगळं ऐच्छिक होतं.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मुळे चित्र बदललं. हे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं.

कोणत्या कंपन्यांना लागू?

आधीच्या आर्थिक वर्षात पुढच्या तीनपैकी कोणतीही एक अट पूर्ण झाली, की कंपनी या कायद्याच्या कक्षेत येते.

- नक्त मालमत्ता, म्हणजे नेटवर्थ, ५०० कोटी रुपये किंवा अधिक
- उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक
- निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक

अशा कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायची असते. समजा, एखाद्या कंपनीला तीन वर्षांत ४०, ५० आणि ६० कोटी नफा झाला. सरासरी ५० कोटी, म्हणजे सीएसआरची रक्कम १ कोटी.

पैसा कशावर खर्च करता येतो?

याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक आणि कुपोषण निवारण, आरोग्य, पिण्याचं पाणी, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण रक्षण, वारसा जतन, खेळ, ग्रामविकास, झोपडपट्टी विकास, आपत्ती व्यवस्थापन असे विषय त्यात येतात. प्रत्यक्षात सर्वाधिक पैसा शिक्षण आणि आरोग्यावर जातो.

काय चालत नाही, हेही नियमांत स्पष्ट आहे. राजकीय पक्षांना देणगी, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामं आणि जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही.

आणखी एक महत्त्वाची अट आहे. दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. रसायन कारखान्याने आपलं सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडायला हवं, हे त्याचं कर्तव्यच आहे. त्याचा खर्च २ टक्क्यांत बसत नाही.

पैसे खर्च केले नाहीत तर?

सुरुवातीची काही वर्षं ‘खर्च करा, नाहीतर कारण सांगा’ एवढाच नियम होता. अनेक कंपन्या अहवालात कारण लिहून मोकळ्या व्हायच्या. २०१९ च्या दुरुस्तीत अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची तरतूद आली. उद्योगजगताने विरोध केल्यावर ती लागू होण्याआधीच मागे पडली.

२२ जानेवारी २०२१ पासून नवे नियम आले. प्रकल्प सुरू असेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. असा प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांत ती सातव्या परिशिष्टातल्या सरकारी निधीत भरायची. हे टाळल्यास कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी रुपये, यापैकी कमी असेल तेवढा दंड होतो. जबाबदार अधिकाऱ्यांनाही वेगळा दंड आहे.

पैसा जातो कुठे?

२०१४-१५ मध्ये देशभरात सीएसआरवर सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च झाले होते. २०२२-२३ मध्ये हा आकडा ३० हजार कोटींच्या घरात गेला. राज्यांमध्ये सर्वाधिक निधी महाराष्ट्राला मिळत आला आहे.

ऐकायला छान वाटतं, पण खरी अडचण इथेच आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदा म्हणतो. त्यामुळे जिथे कारखाने आणि कार्यालयं, तिथेच निधी. मुंबई आणि पुण्याच्या पट्ट्यात कंपन्यांची गर्दी आहे. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिवमध्ये मोठे उद्योग मोजकेच. म्हणजे गरज जिथे जास्त, तिथे पैसा पोहोचण्याची शक्यता कमी.

विशेष म्हणजे स्थानिक प्राधान्याची अट सक्तीची नाही, राष्ट्रीय गरजांशी तिचा मेळ घालावा, असा खुलासा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्येच केला आहे. कंपनीने ठरवलं तर पुण्यातला नफा नंदुरबारमध्ये खर्च होऊ शकतो.

शाश्वत विकासाशी याचा संबंध काय?

आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर घाला न घालणं, हा शाश्वत विकासाचा साधा अर्थ. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये त्यासाठी १७ उद्दिष्टं ठरवली आणि २०३० ही मुदत दिली. सातव्या परिशिष्टातले बरेच विषय या उद्दिष्टांशी जुळतात.

पण २ टक्के हा नफ्यातला छोटा वाटा आहे. एखाद्या कंपनीने हजारो झाडं लावली आणि तिच्याच कारखान्याने नदी नासवली, तर हिशेब जुळत नाही. नफा कसा कमावला, हा प्रश्न उरतोच. म्हणून सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून वेगळा अहवाल सक्तीचा केला. पाणी आणि विजेचा वापर, उत्सर्जन, कचरा, कामगारांची सुरक्षितता यांची माहिती त्यात द्यावी लागते. सीएसआरची पाटी वाचताना हा अहवालही वाचायला हवा.

तुम्ही काय तपासू शकता?

- कंपनीच्या वेबसाइटवर सीएसआर धोरण, समिती आणि मंजूर प्रकल्पांची माहिती देणं बंधनकारक आहे. वेबसाइट असेल तर ती तिथे मिळायलाच हवी.
- केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर राज्य, विषय आणि कंपनीनुसार खर्चाचे आकडे पाहता येतात.
- सीएसआरची सरासरी रक्कम १० कोटी किंवा जास्त असलेल्या कंपनीला, १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. तो अहवाल मागा, वाचा.

तुमच्या संस्थेला निधी हवा असेल, तर साधारणपणे तीन वर्षांचं काम, प्राप्तिकर कायद्यानुसार १२ए आणि ८०जी नोंदणी आणि मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्जाद्वारे केलेली नोंदणी लागते.

पुढच्या वेळी तुमच्या गावात अशी पाटी लागली, तर फोटो जरूर शेअर करा. सोबत किती रुपये मंजूर झाले, किती खर्च झाले आणि वर्षभराने ते काम कुठल्या स्थितीत आहे, हेही विचारा. कायद्याने ही माहिती बरीचशी उघड केली आहे, ती बघणारं कुणीतरी हवं.