ठिगळांतून उभा राहिलेला सर्व्हर

इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संगणन केंद्रातून रॉब मॅककूल 1994 च्या मध्यावर बाहेर पडले आणि त्या काळी जगात सर्वाधिक चालणारा वेब सर्व्हर पोरका झाला. प्रोग्रॅम फुकट, सोर्स कोड उघडा. पण त्यातले दोष निस्तरायला कुणी उरलं नव्हतं. ठिकठिकाणचे वेबमास्टर आपापल्या यंत्रावर डागडुजी करत बसले. एकानं बुजवलेलं भोक दुसऱ्याच्या गावीही नसायचं.

फेब्रुवारी 1995 मध्ये ब्रायन बेलेनडॉर्फ आणि क्लिफ स्कॉलनिक यांनी ही ठिगळं एका जागी आणायला सुरुवात केली. गट आठ जणांचा, कारभार सगळा ईमेलवर. एप्रिलमध्ये त्यांची पहिली जाहीर आवृत्ती निघाली, तिचं नाव अपाचे. जेमतेम वर्षभरात या बिनभांडवली मंडळींनी मूळ सर्व्हरला मागे टाकलं.

पण नुसता सर्व्हर म्हणजे मागितलेली फाइल काढून देणारा कारकून. पान मागणीनुसार तयार व्हायचं, तर माहिती कुठंतरी नीट रचून ठेवायला हवी. ते काम स्वीडनमधल्या एका कंपनीच्या मायएसक्यूएल या डेटाबेसनं 1995 पासून अंगावर घेतलं. मायकल विडेनियस यांनी त्याला आपल्या मुलीचं, मायचं, नाव दिलं होतं. व्यवहार अर्धवट राहिला तर तो मागे फिरवण्याची सोय त्यात सुरुवातीला नव्हती, म्हणून जाणकार नाकं मुरडत. वेबसाइटवाल्यांना त्याचं फारसं सुतक नव्हतं: पान एकदा लिहिलं जातं आणि शेकडो वेळा वाचलं जातं, आणि वाचून देण्यात मायएसक्यूएल चपळ होतं.

सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यात मध्यस्थी केली पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेनं. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लर्डॉर्फ यांनी आपला ऑनलाइन बायोडेटा कोण पाहतं हे कळावं म्हणून काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि जून 1995 मध्ये ते सर्वांना खुले केले. पुढे इस्राएलमधल्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी त्याचा गाभाच नव्यानं लिहिला. ती तिसरी आवृत्ती 1998 ची.

होस्टिंगचा धंदा फोफावला त्यामागं मात्र एक बारीकशी ओळ आहे. सुरुवातीला ब्राउझर सर्व्हरला फक्त पान मागायचा, कोणत्या साइटचं ते सांगायचाच नाही. त्यामुळे प्रत्येक साइटला स्वतंत्र आयपी पत्ता लागे. जानेवारी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी 1.1 नं मागणीसोबत साइटचं नाव पाठवणं सक्तीचं केलं. मग चाळीतल्या बिऱ्हाडांसारख्या शेकडो साइट एकाच पत्त्यावर नांदू लागल्या.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, अपाचे, मायएसक्यूएल आणि पीएचपी या चौकडीला 'लॅम्प' हे नाव 1998 मध्ये मिखाएल कुंझे यांनी एका जर्मन संगणक नियतकालिकात दिलं. महागड्या व्यापारी सॉफ्टवेअरला फुकटचा पर्याय आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. फुकट, पण सोपा नव्हे. बऱ्याचदा सगळं सोर्स कोडपासून कंपाइल करावं लागे: आधी डेटाबेस, कारण पीएचपीला त्याच्या लायब्ररी हव्यात, मग पीएचपी आणि अपाचे यांची सांगड. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

मराठी साइटवाल्यांच्या वाट्याला आणखी एक गंमत आली. मायएसक्यूएलचा मूळ अक्षरसंच पश्चिम युरोपचा आणि अक्षरक्रम चक्क स्वीडिश! यूटीएफ-8 या युनिकोड पद्धतीची सोय आवृत्ती 4.1 मध्ये, 2004 साली आली. देवनागरीचं एकेक चिन्ह त्यात तीन बाइट घेतं. जुन्या सेटिंगमध्ये ते बाइट तसेच कोंबले तरी पान ठीक दिसे. खरी फजिती व्हायची ती डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना. मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा किंवा युरोपीय अक्षरांची खिचडी उमटे. मूळ सेटिंग युनिकोडवर आलं ते 2018 च्या आवृत्ती 8.0 मध्ये. तोवर मराठीसाठी टेबल बनवणाऱ्याला अक्षरसंचाचं नाव सहसा स्वतःच आठवणीनं लिहावं लागे.