गाडीचे दप्तर कोणाच्या हाती?

२०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या दोन टोकांना दहा दिवसांच्या अंतराने बसचे दोन मोठे अपघात झाले. २९ नोव्हेंबरला भंडाऱ्याहून गोंदियाकडे निघालेली शिवशाही सडक अर्जुनी तालुक्यात डव्वा गावाजवळ उलटली आणि ११ प्रवासी दगावले. ९ डिसेंबरच्या रात्री मुंबईत कुर्ल्याच्या गजबजलेल्या रस्त्यावर बेस्टसाठी धावणारी विजेवरची बस वाहने आणि माणसे चिरडत गेली. तीत सात जणांचा बळी गेला, पुढे उपचार चालू असताना हा आकडा वाढला, आणि चाळीसहून अधिक लोक जखमी झाले.

गोंदियाच्या अपघातात काय घडले याविषयी फारसा वाद झाला नाही. वळणावर समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना बस उलटली, असेच पहिल्यापासून सांगितले गेले. कुर्ल्याचे तसे नव्हते. पहिल्या बातम्या ब्रेक निकामी झाल्याच्या होत्या. मग तपासणीत ब्रेक शाबूत आढळल्याचे परिवहन अधिकाऱ्यांकडून सांगण्यात आले. क्लच-गिअरच्या गाड्या चालवण्याची सवय असलेल्या चालकाला या बसचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले नव्हते, हा मुद्दा पुढे आला. बचाव पक्षाने मात्र दोष गाडीचाच असल्याचे न्यायालयात मांडले. थांबायला हवी ती गाडी का धावत सुटली? पाय चुकला की यंत्र चुकले? या प्रश्नाला जगात आता चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो न्याहाळताना आमच्या असे ध्यानात आले, की वाद पाय आणि यंत्र यांच्यात जितका आहे, त्याहून अधिक तो त्या क्षणाची नोंद कोणाजवळ आहे याविषयी आहे.

आधी गाडीतला बदल समजून घेऊ. भंडारा जिल्ह्यात लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला. त्या काळच्या ट्रकमध्ये एक्सलरेटरच्या पायडलापासून इंजिनाकडे जाणारी दांडी किंवा तार असे. ती अडकली तर पायडल वर येत नसे. पण महामार्गावरच्या कोणत्याही गॅरेजातला मिस्त्री बोनेट उघडून तार कोठे अडकली ते दाखवू शकत असे. पुरावा डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा होता. आजच्या बहुतेक मोटारी, ट्रक व बसमध्ये ही तार उरलेली नाही. पायडलाखालचे संवेदक पाय किती दाबला आहे ते मोजतात, तो आकडा संगणकाकडे जातो, आणि इंजिनाने अथवा मोटारीने किती जोर लावायचा ते संगणक ठरवतो. गाडी भलतीच पळाली तर आता मिस्त्रीला दाखवण्यासारखे काही उरत नाही. जे उरते ते संगणकाच्या स्मृतीत असते.

या वादाचा पहिला मोठा अंक अमेरिकेत घडला. ऑडी ५००० ही मोटार उभ्या जागेवरून आपोआप उसळते, अशा तक्रारी तेथे वाढल्या होत्या. २३ नोव्हेंबर १९८६ रोजी 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्या देशभर नेल्या. कार्यक्रमात दाखवलेल्या मोटारीत मुद्दाम फेरफार केलेला होता, हे नंतर उघड झाले. ऑडीची अमेरिकेतली वार्षिक विक्री १९८५ मध्ये ७४ हजारांच्या घरात होती, ती १९९१ पर्यंत १२ हजारांवर आली. १९८९ मध्ये अमेरिकी परिवहन खात्याच्या अभ्यासाने निष्कर्ष काढला, की अशा बहुतेक प्रसंगी चालकाचा पाय ब्रेकऐवजी एक्सलरेटरवर पडलेला असतो.

येथे गोष्ट संपली असे अनेकांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. पाय का चुकतो, याचे उत्तर पायडलांच्या मांडणीत आणि त्यांच्यातल्या अंतरातही शोधले गेले. ब्रेक दाबल्याखेरीज गिअरचा दांडा उभ्या स्थितीतून हलणार नाही, अशी खीळ पुढे मोटारींमध्ये आली. चूक माणसाची ठरली, तरी उपाय यंत्रात करावा लागला. कुर्ल्याच्या प्रसंगी चालकाच्या प्रशिक्षणाचा मुद्दा निघाला तेव्हा हा धडा कोणाला आठवला असता तर बरे झाले असते.

दुसरा अंक टोयोटाचा. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एक लेक्सस अनावर होऊन चार जण मृत्युमुखी पडले. पायाखालच्या चटईत अडकलेले पायडल आणि चिकटणारी पायडले यांमुळे लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. दोष इलेक्ट्रॉनिक असू शकतो का, हे तपासण्याचे काम थेट नासाकडे गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात तसा दोष सापडला नसल्याचे सांगितले गेले. पण ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या एका खटल्यात मायकल बार या तज्ज्ञाने वेगळी साक्ष दिली. कडक बंदोबस्तातल्या खोलीत बसून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी गाडीच्या संगणकाची मूळ आज्ञावली वाचली होती, आणि तिच्यात गंभीर उणिवा असल्याचे त्याने सांगितले. ज्यूरीने ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली. दंडात्मक भरपाईचा निर्णय होण्याआधी तडजोड झाली. सरकारी अहवाल आणि ज्यूरीचा निवाडा यांचा मेळ शेवटपर्यंत बसला नाही.

या साऱ्या प्रकरणातला एक तपशील आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. टोयोटाच्या गाड्यांत अपघाताआधीच्या क्षणांची नोंद ठेवणारी पेटी होती. पण २०१० च्या आरंभी ती पेटी वाचू शकणारा लॅपटॉप साऱ्या अमेरिकेत एकच होता, आणि तो कंपनीपाशी होता! पुढे तसे लॅपटॉप सरकारी यंत्रणेला दिले गेले, आणि बाजारात मिळणाऱ्या उपकरणानेही या नोंदी वाचता येऊ लागल्या. २०१५ च्या कायद्याने अमेरिकेत ही नोंद गाडीच्या मालकाची ठरवली. युरोपीय संघाने २०२२ पासून नव्या बनावटीच्या मोटारींना, आणि २०२४ पासून सर्वच नव्या मोटारींना अशी पेटी सक्तीची केली.

आपल्याकडे ही पेटी सर्वसामान्य वाचकाला ठाऊक झाली ती ४ सप्टेंबर २०२२ नंतर. त्या दिवशी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज मोटारीला अपघात होऊन उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी आपोआप पळाल्याचा आरोप तेथे नव्हता; पण नोंद कोण वाचणार हा प्रश्न तोच होता. कंपनीने पोलिसांना दिलेल्या प्राथमिक माहितीनुसार धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता, आणि ब्रेक दाबल्यावर प्रत्यक्ष धडकेच्या वेळी तो ८९ होता. गाडीतली सांकेतिक नोंद उलगडण्यासाठी जर्मनीस पाठवावी लागली. अपघात पालघरचा, पंचनामा पालघरचा, आणि साक्षीदाराची भाषा समजणारा दुभाषी मात्र परदेशात, तोही गाडी बनवणाऱ्याच्याच घरचा.

कंपनी खोटे सांगते असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. पुष्कळदा नोंद खरीच असते, आणि पुष्कळदा पायच चुकलेला असतो. तथापि या साक्षीदाराच्या मर्यादा जाणून घ्याव्या लागतात. 'एक्सलरेटर पूर्ण दाबलेला होता' असे नोंद म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच, की संवेदकाने तसा आकडा पाठवला आणि संगणकाने तो टिपला. ज्याच्यावर आरोप आहे त्याच संवेदकाची ही जबानी होय. म्हणूनच पायडलाला सहसा दोन स्वतंत्र संवेदक देतात; त्यांच्या आकड्यांत तफावत आहे की नाही हे पाहणे महत्त्वाचे असते. ब्रेकची नोंद अनेकदा केवळ 'दाबला' किंवा 'नाही' एवढीच असते. किती जोराने दाबला ते तीत नसते. अमेरिकेच्या जुन्या नियमात धडकेआधीची पाच सेकंदे, सेकंदाला दोन नोंदी, एवढीच अपेक्षा होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती वाढवून २० सेकंदे आणि सेकंदाला दहा नोंदी अशी केली गेली. आधीचे चित्र अपुरे होते, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

भंडाऱ्याच्या वाचकाला यात नवल वाटू नये. हा जिल्हा मालगुजारीचा. तलाव मालगुजाराचे आणि दप्तर पटवाऱ्याचे. कोणाच्या शेताला तलावाचे पाणी केव्हा मिळायचे, सरपण कोठून आणायचे, गुरे कोठे चारायची, या गावरूढी बंदोबस्ताच्या वेळी वाजिब-उल-अर्जात नोंदल्या गेल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर निस्तार पत्रके आली. 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. तंटा उभा राहिला की शेतकऱ्याची आठवण तोंडी ठरे आणि दप्तरातली ओळ लेखी. ती ओळ खोटी असेच असे नाही. पण ती ज्याला वाचता येत नव्हती आणि जिची नक्कल मागताही येत नव्हती, त्याच्या दृष्टीने खऱ्या-खोट्या ओळीत फरक उरत नसे. सातबाऱ्याची नक्कल हक्काने मिळू लागली, तेव्हा कुठे शेतकरी दप्तराशी वाद घालू शकला.

गाडीच्या दप्तराबाबत आपण अजून नक्कल मिळण्याच्या आधीच्या काळात आहोत. कायदे नाहीत असे नव्हे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगासमोर उभ्या राहणाऱ्या गाडीमालकाला दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो, तज्ज्ञाला नोंद लागते, आणि नोंदीची किल्ली प्रतिपक्षाच्या खिशात असते. नोकरदार चालकाची स्थिती याहून बिकट. गाडी त्याची नाही, नोंद त्याची नाही, आणि शिक्षा मात्र त्याची.

दुसरी वाट आहे, हे विमानांनी दाखवले आहे. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर विमानातली नोंद दिल्लीत, विमान अपघात अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेत उतरवली गेली. त्यासाठी ती विमान बनवणाऱ्याच्या घरी धाडावी लागली नाही. त्यानंतरच्या प्राथमिक अहवालात वैमानिकांच्या संभाषणाचा मोजकाच सारांश आला, त्यावरूनही संशयाचे मोहोळ उठले, हे खरे. स्वतंत्र वाचक असला तरी अर्धवट उघडलेली वही शंका वाढवतेच. पण निदान वही कोणाकडे असावी, हा वाद तेथे मिटला आहे.

रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आमचे मागणे यापेक्षा साधे आहे. जीवघेण्या अपघातानंतर नोंद उतरवताना दोन्ही पक्षांचा प्रतिनिधी हजर असावा, ती वाचण्याचे साधन सरकारी प्रयोगशाळेत असावे, आणि तिची पूर्ण नक्कल मालकाला, आरोपी चालकाला व मृतांच्या वारसांना मिळावी. त्यातून कदाचित पायच चुकलेला निघेल. तरीही ते वाचून कळलेले असेल, केवळ ऐकून घेतलेले नसेल. डव्व्याच्या वळणावर किंवा कुर्ल्याच्या रस्त्यावर ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांचे एवढे देणे आपण लागतो.