कुटुंबासह आखातात जाताना : कागदपत्रं, मुलांची शाळा आणि परतीची वाट

रत्नागिरी, राजापूर, चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड... आपल्या कोकणात असा मोहल्ला शोधून सापडणार नाही, जिथलं कोणी ना कोणी बाहेर नाही. आधी जहाजावरचे खलाशी, मग पूर्व आफ्रिका. केपटाऊनमध्ये तर कोकणी मुस्लिमांची वस्ती 19 व्या शतकाच्या अखेरीपासून आहे. 1970 नंतर तेलाचा पैसा आला आणि लोक कुवेत, सौदी, दुबई, मस्कत, कतारला जाऊ लागले. पण जास्त करून जायचे ते एकटे पुरुष. बायको, मुलं, अम्मी-अब्बा गावीच राहायचे.

आता बायको-मुलांना सोबत नेणारी घरं वाढली आहेत. हे चांगलंच आहे. मुलांना बाप फक्त फोनवर दिसू नये. मात्र एकट्याने जाणं वेगळं आणि घर उचलून नेणं वेगळं. शाळेत दाखला घ्यायला येणाऱ्या पालकांशी बोलताना आम्हाला दिसतं, की सगळी धावपळ व्हिसासाठी असते. परत यायची वेळ आली तर काय, याचा विचार क्वचितच होतो. आखाती देशांत वर्षानुवर्षं राहिलं तरी नागरिकत्व सहसा मिळत नाही. नोकरी संपली की बहुतेकांचा इकामाही संपतो. म्हणून जाण्याची आणि परतीची तयारी एकाच वेळी करावी.

आधी हिशेब

पगाराचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. कुटुंब नेण्यासाठी प्रत्येक देशाची अट वेगळी आहे. संयुक्त अरब अमिरातीत महिना 4,000 दिरहम पगार, किंवा 3,000 दिरहम आणि राहण्याची सोय लागते. कुवेतने 2024 मध्ये कुटुंब व्हिसा पुन्हा सुरू करताना 800 दिनार पगाराची अट घातली. सौदीने जुलै 2017 पासून सोबतच्या प्रत्येक माणसामागे शुल्क लावलं. ते महिना 100 रियालपासून वाढत 2020 मध्ये 400 रियालवर गेलं. म्हणजे बायको आणि तीन मुलं असतील तर महिन्याला 1,600 आणि वर्षाला 19,200 रियाल. घरभाडं, शाळेची फी, दवाखाना आणि सुट्टीचं विमानभाडं याच्या वर. हे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताजा नियम बघून घ्यावा.

पगारात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हेही करारात बघा. अमिरातीत नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. पहिल्या 5 वर्षांसाठी दर वर्षी 21 दिवसांचा आणि त्यापुढे 30 दिवसांचा पगार, असा तो हिशेब आहे.

एजंट आणि पासपोर्ट

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरची नोंद असते. अशा माणसाला सौदी, कुवेत, अमिराती, कतार, ओमान, बहारीनसह 18 देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते. 1983 च्या कायद्याने एजंटला नोंदणी सक्तीची आहे. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. त्याला सेवाशुल्क 30,000 रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. ‘आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर काम मिळेल’ असं कोणी सांगत असेल तर नाही म्हणा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे.

ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख रुपयांचं संरक्षण मिळतं. पॉलिसीची एक प्रत घरी ठेवा. घरच्यांना विमा आहे हेच माहीत नसेल तर त्याचा उपयोग काय?

नाव सगळीकडे एकच

सर्वात जास्त अडतं ते इथेच. एका कागदावर फातिमा, दुसऱ्यावर फातेमा. कुठे मोहम्मद, कुठे मुहम्मद, तर कुठे नुसतं एम.डी. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट समोर ठेवून प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख एकदा जुळवून बघा. शाळेच्या नोंदीतली चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर ते काम फार अवघड होतं.

काझीसाहेबांनी दिलेला उर्दू निकाहनामा जपून ठेवायचाच, पण तेवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने विवाहनोंदणी आवश्यक आहे. ते प्रमाणपत्र घ्या. कुटुंब व्हिसासाठी ते आणि मुलांचे जन्मदाखले प्रमाणित करून लागतात. अमिराती, कुवेत, कतारसाठी आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकालत, असा क्रम असतो. ओमान, बहारीन आणि 2022 पासून सौदी हे देश अपोस्टिल करारात आहेत. तिथे वकालतीच्या शिक्क्याऐवजी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल चालतं. या कामाला वेळ लागतो. तिकीट काढून मग धावपळ करू नका.

मुलांची शाळा

तिथल्या भारतीय शाळा बहुतेक सीबीएसईच्या असतात आणि वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. आपल्याकडे जूनमध्ये. वर्षाच्या मधेच हलवलं तर मुलाचं नुकसान होतं. अमिरातीतल्या शाळांत अरबी हा सक्तीचा विषय आहे. आपली मुलं कुरआन वाचतात, त्यामुळे अक्षरओळख असते. पण अरबी बोलणं आणि लिहिणं निराळं. पहिलं वर्ष जड जातं, तेव्हा मार्कांवरून रागावू नये.

परतल्यावर उलट अडचण येते. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तिकडे मराठी सुटलेलं मूल सहावी-सातवीत आलं की रडकुंडीला येतं. घरी आठवड्याला दोन पानं मराठी आणि दोन पानं उर्दू वाचून घ्या. एवढ्याने मोठा फरक पडतो.

दहावी-बारावीचा निर्णय विचार करून घ्यावा. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी राज्यातूनच पास असणं, हा सर्वसाधारण नियम आहे. मुलीला डॉक्टर करायचं असेल आणि दहावी जेद्दाहला होत असेल, तर हा प्रश्न आठवीतच सोडवला पाहिजे. इंजिनिअरिंगसाठी आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांचा सीआयडब्ल्यूजी हा वेगळा कोटा आहे, तो माहीत असू द्या.

घर, पैसा, मत

परदेशी स्थायिक झाल्यावर बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई एनआरई खात्यात ठेवता येते. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा आंब्याची बाग विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. बाग घ्यायचा विचार असेल तर हे आधी समजून घ्या. मतदार यादीतलं नावही वाऱ्यावर सोडू नका. फॉर्म 6ए भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर परदेशस्थ मतदार म्हणून नोंदणी होते. मतदानाला मात्र स्वतः यावं लागतं.

घरातल्या बाईचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर असतो. म्हणून तिचं स्वतःचं बँक खातं, स्वतःच्या ताब्यात पासपोर्ट आणि सगळ्या कागदांच्या प्रती तिच्याकडे हव्यातच. यात अविश्वास नाही, जबाबदारी आहे.

1990 ची आठवण

2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अम्मानहून मुंबईला सुमारे 1 लाख 11 हजार भारतीय विमानाने आणले गेले. त्यांत आपल्या कोकणातलीही घरं होती. अनेकजण अंगावरच्या कपड्यांनिशी आले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने भरपाई दिली. देश सोडावा लागल्याबद्दल एका माणसाला 2,500 किंवा 4,000 डॉलर, कुटुंबाला 5,000 किंवा 8,000. पण अर्जासोबत तिथून निघाल्याचा पुरावा हवा होता. 2020 मध्ये कोरोनात पुन्हा हजारो लोक वंदे भारत विमानांनी परतले.

म्हणून प्रत्येक कागदाची एक प्रत गावच्या कपाटात आणि एक मोबाइलमध्ये असू द्या. पोहोचल्यावर दूतावासात नोंदणी करा. पगार अडला, पासपोर्ट कोणी काढून घेतला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. आणि गावचं घर बंद असलं तरी घरपट्टी थकवू नका. जमातीत, मोहल्ल्यात येणं-जाणं ठेवा. अल्लाह तुमच्या रोजीत बरकत देवो. परतावं लागलं, तर इन्शाअल्लाह मुलांना शाळा आणि तुम्हाला दार उघडं मिळेल.