बाशकीर कबिल्यांची जमीन : सनद ते विक्रीखत

बाशकीर हा रशियातल्या दक्षिण उरल भागातला तुर्कवंशी मुस्लिम समाज. जमीन फक्त तलवारीने जात नाही, कागदानेही जाते, हे त्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसतं; म्हणून आम्ही तो इथे देत आहोत.

1552 मध्ये कझान पडल्यावर बाशकीर कबिल्यांनी झार इव्हान चौथ्याचं राज्य मान्य केलं. बदल्यात सनदा मिळाल्या. जमीन वंशपरंपरेने कबिल्याचीच राहणार, कबिल्याने मध आणि फर या रूपात 'यासाक' नावाचा कर भरायचा. रशियन कागदपत्रांत हा हक्क 'वोत्चिना' म्हणून येतो. मराठीत वतन म्हटलं तर बरंच जवळ जाईल. हक्कदारांना बाशकीर 'असबा' म्हणत. विरासतीचे मसले वाचलेल्यांना हा अरबी शब्द माहीत असेल : बापाच्या बाजूचे वारस.

कुरणं, जंगल, नद्या सगळं सामाईक. मधमाश्यांच्या झाडांवर मात्र मालक आपला तमगा, म्हणजे खूण, कोरायचा. बाहेरून आलेले तातार, मारी, चुवाश लोक करार करून या जमिनीवर राहत.

1649 च्या रशियन कायद्याने बाशकीर जमीन विकत घ्यायला बंदी होती. 1735 मध्ये ओरेनबुर्गचा किल्ला उभा राहू लागला तसा उठाव झाला, आणि तो चालू असतानाच 1736 च्या हुकुमाने ही बंदी उठली. मग लोखंड-तांब्याचे कारखानदार आले. सलावत युलायेवच्या वडिलांची जमीनही अशाच एका कारखान्यात गेली. पुगाचोवच्या बंडात (1773-75) बापलेक दोघेही उतरले, ते उगाच नाही.

1754 मध्ये सरकारने यासाक माफ केला. वरून दिलासाच वाटेल! पण बाशकिरांसाठी यासाक भरणं हाच मालकीचा पुरावा होता, शिवाय आता मीठ सरकारकडूनच विकत घ्यायची सक्ती आली. 1755 च्या उठावामागे मुल्ला बातिरशा होते.

1832 च्या कायद्याने हक्क पुन्हा मान्य केला, पण माणशी 40 देस्यातिना, म्हणजे सुमारे 108 एकर, राखून उरलेली जमीन विकायला मोकळीक दिली. माणशी म्हणजे पुरुषामागे. बायका त्या मोजणीत नव्हत्याच. 1869 च्या नियमांनंतर विक्रीला ऊत आला, अधिकारी आणि व्यापाऱ्यांनी कवडीमोलाने जमिनी घेतल्या. टॉलस्टॉयच्या 1886 च्या प्रसिद्ध कथेत भोळे बाशकीर हसतहसत जमीन देऊन टाकतात. प्रत्यक्षात ओरड इतकी झाली, की 1878 मध्ये सरकारलाच खासगी विक्री थांबवावी लागली.